सी तीन, मागची बाजू

गाईडबाईंचा मेल आला की मी आधी चहाचं आधण ठेवते.
संदर्भसूची पुन्हा करा, म्हणतात.
या नियतकालिकाला प्रकाशक चालत नाही,
सतराशेच्या आधीचं पुस्तक, नुसतं गाव पुरे.
मागच्याला चालत होता. हवाच होता,
गावानंतर अपूर्णविराम देऊन.
त्याच्याही आधीच्याला साल हवं होतं लेखकाला चिकटून,
खडकाला कालव असतं तसं.

राजापुरात, कोदवलीच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर बसून
मी लंडनच्या गल्लीतलं एक दुकान पुसून टाकते.
तीन कबुतरांच्या पाटीखालचं दुकान.
छापणारी अमक्याची विधवा.
तिचं नाव पुस्तकात नव्हतंच, नवऱ्याचं होतं.
आता तेही गेलं.

शीर्षक बारा ओळींचं:
पूर्वेकडील प्रवासाचे खरे व विस्तृत वर्णन,
ज्यात तेथील राजे, मिरी, ताप आणि चमत्कारिक रीती...
पुढे तीन टिंबं द्या, असं एक पद्धत म्हणते.
दुसरी म्हणते, ताप राहू दे, रीती काढा.
लेखक: एक सद्गृहस्थ.
त्याला कुणी अनामिक म्हणतं, कुणी जागा मोकळी सोडतं,
आणि एका पद्धतीत चौकोनी कंसात अंदाज चालतो.
आमच्या जेटीवर तो कंसाशिवायच चालतो.

सालाचा वेगळाच घोळ.
आपलं वर्ष पाडव्याला लागतं,
त्यांचं तेव्हा लागायचं मार्चच्या पंचविशीला,
म्हणून एकाच फेब्रुवारीला दोन सालं, मध्ये तिरकी रेघ.
माझ्या गावाचं नाव एकाच पानावर तीन तऱ्हांनी.
जसंच्या तसं ठेवा. नाही, आजचं करा.
लांबडा स तर हुबेहूब फ,
शिडाचं 'सेल' असतं तिथे मी अजून 'फेल' वाचते.

पानांना आकडे नाहीत.
घडीच्या तळाला एक अक्षर, एक अंक,
आणि कागदाची पुढची बाजू की मागची.
सी तीन, मागची बाजू:
'जहाज खाडीत शिरेना. तेव्हा बंदरावरच्या एका म्हाताऱ्याने
पाण्याखालचा धोंडा दाखवला, डाव्या हाताला ठेवा म्हणाला.
आम्ही त्याला एक सुरी दिली.'

सुरीची लांबी दिली आहे.
म्हाताऱ्याचं नाव नाही.

रविवारी साखरी नाट्याला गेले.
शमशुद्दीन सोलकर जाळं सांधत बसले होते,
त्यांना ती ओळ मराठी करून वाचून दाखवली.
मान वर न करता म्हणाले,
"डाव्या हाताला भरतीत. ओहोटीत उजव्या.
तुमच्या माणसानं अर्धंच लिहिलंय."
तुम्हाला कुणी सांगितलं?
"बापानं."
त्यांना?
"त्याच्या मामानं."
आणि मामांना?
सुई दोन घरं पुढे गेली.
"मामाची होडी फुटली तिथं."

उठताना त्यांनी विचारलं, सुरी कसली होती?
मी म्हटलं, वीतभर. हस्तिदंती मुठीची.
"मग बरी दिली," म्हणाले.

घरी येऊन नियम उघडले.
पान एकशे चाळीस: मुलाखती सूचीत घेऊ नयेत,
तळटीप पुरे.
म्हणून सद्गृहस्थाच्या बारा ओळींखाली,
बारीक टाईपात, आडनाव आधी:
सोलकर, शमशुद्दीन. साखरी नाटे, ओहोटी.

बाईंचा मेल आला.
बाकी ठीक. पण ओहोटी ही तारीख होत नाही.

आधण ठेवलं.
तारीख घातली, महिना, साल,
आपलंच साल, एकच, तिरकी रेघ नसलेलं.
ओहोटी काढली नाही.
स्वल्पविराम देऊन मागे ठेवली.